स्माइलची पहिली तबकडी आणि पाचगणीचा फारोख

दोनदा पाय आपटायचे आणि एकदा टाळी वाजवायची. क्रिकेटचा सामना असो की शाळेचं गॅदरिंग, हा ठेका आता आदिलाबादच्या पोरांनाही पाठ आहे. घरातल्या मोठ्यांना तो नुसता दंगा वाटतो. पण तो 'क्वीन' नावाच्या इंग्लंडमधल्या गटाच्या १९७७ सालच्या गाण्याचा आहे आणि तो गाणारा माणूस आठ वर्षांचा असल्यापासून आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या हॉस्टेलमध्ये वाढला. आम्ही त्याच्याबद्दल लिहिणार आहोतच, पण सुरुवात त्याच्यापासून करत नाही. सुरुवात एका अशा तबकडीपासून करतो जिच्यावर त्याचा आवाज नाही, जी १९६९ साली निघाली, जवळजवळ कुणीच विकत घेतली नाही, आणि तरीही जिच्यावाचून पुढचं काही घडलं नसतं.

नव्या पिढीसाठी आधी थोडं तबकडीबद्दल. ज्यांच्या घरात अजून लाकडी पेटीतला किंवा एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर माळ्यावर पडून आहे, त्यांना ७८, ४५ आणि ३३ हे आकडे आठवतील. मिनिटाला तबकडी किती फेरे घेते त्याचे ते आकडे. ४५ फेऱ्यांची सात इंची लहान तबकडी आपल्याकडे आली ती पुष्कळदा एका चित्रपटाची चार गाणी घेऊन. इंग्लंड-अमेरिकेत मात्र त्याच आकाराच्या तबकडीवर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, अशी दोनच गाणी असत. तिला सिंगल म्हणत. पुढची बाजू कंपनीला ज्या गाण्यावर भरवसा आहे ती, मागची बाजू भरतीची. नव्या गटाला कंपनी एकदम बारा गाण्यांची मोठी तबकडी देत नसे. आधी सिंगल काढायची, ती रेडिओवर वाजली, दुकानातून उचलली गेली तर पुढचं बघू. नाही उचलली तर राम राम. म्हणून पहिल्या सिंगलला त्या धंद्यात फार वजन होतं.

दोन गिटारी किंवा एक, एक बास, ड्रम्स आणि गाणारा गळा, असे चार-पाच तरुणांचे गट साठच्या दशकात इंग्लंडच्या गावोगाव उगवले होते. बीटल्सच्या यशानंतर तर प्रत्येक कॉलेजात एक तरी. 'बीट ग्रुप' हे त्यांचं नाव. ही लाट आपल्याकडेही आली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही अखिल भारतीय स्पर्धा भरायची आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांमधल्या गटांच्या मोठ्या तबकड्याही निघाल्या. त्या गटांमधली बरीचशी नावं आज फक्त जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनाच माहीत आहेत.

लंडनचा 'स्माइल' हा असाच एक गट. १९६८ मध्ये तो जमला. ब्रायन मे हा इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारा मुलगा गिटार वाजवायचा. ती गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच बनवलेली होती, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. टिम स्टॅफेल हा ईलिंगच्या आर्ट कॉलेजातला विद्यार्थी बास वाजवायचा आणि गायचा. ड्रम वाजवणारा हवा म्हणून त्यांनी कॉलेजच्या फळ्यावर कागद लावला. त्यावरून आला रॉजर टेलर, दंतवैद्यकाचा विद्यार्थी. एक भौतिकशास्त्राचा, एक चित्रकलेचा, एक दातांचा. आपल्याकडे असते तर तिघांच्याही घरी 'आधी डिग्री घे, मग काय वाजवायचं ते वाजव' हेच ऐकायला मिळालं असतं. तिकडेही फार वेगळं नव्हतं.

१९६९ मध्ये अमेरिकेच्या मर्क्युरी कंपनीच्या लंडनमधल्या माणसाने त्यांना करारबद्ध केलं. जून महिन्यात सोहो भागातल्या ट्रायडंट स्टुडिओत त्यांनी तीन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातली दोन ऑगस्टमध्ये सिंगलवर आली. पुढच्या बाजूला स्टॅफेलने लिहिलेलं 'अर्थ', मागे मे आणि स्टॅफेल यांचं 'स्टेप ऑन मी'. अर्थ म्हणजे पृथ्वी. आपल्या भाषेत या शब्दाचा एक अर्थ पैसा असाही आहे, आणि त्या अर्थाने तबकडीतून कुणालाच काही मिळालं नाही.

गाणं वाईट होतं का? आम्ही ते पुनःपुन्हा ऐकलं आणि आमच्या मते मुळीच नाही. पृथ्वी मागे टाकून अंतराळात निघालेल्या माणसाचं ते गाणं आहे. चाल संथ आहे, स्टॅफेलचा आवाज मऊ आणि जरा उदास आहे, आणि मध्ये मेची गिटार अशी वर चढते की पुढची वीस वर्षं हाच सूर जगभर ऐकू येणार हे आज सहज ओळखता येतं. विषयही अगदी वेळेवरचा होता. २० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ही तबकडी निघाली.

मग अडलं कुठे? मर्क्युरीने ती फक्त अमेरिकेत काढली. गट लंडनचा, त्यांना ओळखणारे शे-दोनशे विद्यार्थी लंडनचे, आणि तबकडी समुद्रापलीकडच्या दुकानांत. अमेरिकेत हा गट कुणी पाहिलेला नव्हता. तिकडे जाऊन दौरा करण्याएवढे पैसे ना गटाकडे होते ना कंपनीला घालायचे होते. ब्रिटनमध्ये तर ती निघालीच नाही. म्हणजे ज्याने कार्यक्रमात गाणं ऐकलं आणि ज्याला तबकडी घ्यावीशी वाटली असती, त्याला ती मिळणारच नव्हती. आदिलाबादच्या माणसाने कापूस पिकवावा आणि गिऱ्हाईक मात्र फक्त कोकणात शोधावं, तसलाच हा प्रकार.

यात गाण्याचा दोष नव्हता हे दाखवणारी एक जोड गोष्ट आहे. त्याच १९६९ च्या जूनमध्ये, त्याच ट्रायडंट स्टुडिओत डेव्हिड बोवी या गायकाने 'स्पेस ऑडिटी' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेही अंतराळात हरवलेल्या माणसाचंच. अमेरिकेत तेही मर्क्युरीनेच काढलं. ब्रिटनमध्ये दुसऱ्या कंपनीने ते लावून धरलं आणि ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत मात्र १९६९ साली त्याचीही डाळ शिजली नाही. तेच गाणं १९७३ मध्ये, बोवीचं नाव झाल्यावर, तिकडे पुन्हा काढलं तेव्हा पंधरावं आलं. गाण्यात एका सुराचाही फरक नव्हता. बोवीला ही दुसरी संधी मिळाली. स्माइलला मिळाली नाही. १९७० मध्ये स्टॅफेल दुसऱ्या गटात निघून गेला आणि स्माइल संपलं.

आता या तबकडीच्या काळातला एक श्रोता. स्माइलच्या कार्यक्रमांना नेमाने येणारा, स्टॅफेलचा ईलिंगमधला कॉलेजमित्र. कार्यक्रम चालू असताना, संपल्यावर, केव्हाही तो या तिघांना सल्ले द्यायचा. कपडे असे घाला, लोकांकडे बघून गा, उभे राहता ते चुकीचं आहे. त्याचं नाव फारोख बुलसारा, मित्रांमध्ये फ्रेडी.

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. आईवडील पारशी. आडनाव बुलसारा, म्हणजे मूळ गुजरातमधल्या बुलसारचे, आजच्या वलसाडचे. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. मुलगा आठ वर्षांचा झाला तसा त्याला जहाजाने मुंबईला पाठवलं आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. मुंबईत नातेवाइकांचं घर होतं, लहान सुट्ट्यांना तिथे जायचं. आईवडील समुद्रापलीकडे.

आपल्या सभासदांपैकी किती घरांतली मुलं दहाव्या-बाराव्या वर्षी नागपूर, नांदेड किंवा हैदराबादच्या हॉस्टेलला गेली आहेत, हे मोजायला बसलो तर बोटं पुरणार नाहीत. तिथे निदान शनिवारी फोन येतो. पोळ्याला, दिवाळीला मुलगा घरी असतो. पाचगणीला जायचं तर आपल्याला आजही नांदेड, पुणे, मग वाई आणि पसरणीचा घाट एवढं करावं लागतं. त्या आठ वर्षांच्या पोराच्या वाटेत त्याआधी अरबी समुद्र होता. पुढे मोठेपणी तो याबद्दल फारसं बोलत नसे. त्यामुळे त्याला काय वाटलं हे आम्ही त्याच्या वतीने लिहिणार नाही. आई-वडिलांनी मात्र एक गोष्ट केली. मुलाला संगीताची जाण आहे असं शाळेकडून कळल्यावर जादा फी भरून त्याला पियानोची शिकवणी लावली. तो चौथ्या परीक्षेपर्यंत गेला.

१९५८ च्या सुमारास पाचगणीच्या त्या शाळेत पाच मुलांनी एक गट काढला, 'द हेक्टिक्स'. फारोख पियानोवर, गायला ब्रूस मरे, गिटारवर डेरिक ब्रांच, बासवर फरंग इराणी आणि ड्रम्सवर व्हिक्टरी राणा. फारोख तेव्हा पुढे उभा राहून गाणारा नव्हता, तो मागे पियानोवर बसायचा. वाद्यं विकत घेण्याची ऐपत नसलेल्या असल्या शाळकरी गटांसाठी त्या काळी जगभर एक युक्ती चालायची. चहाच्या रिकाम्या खोक्याला एक काठी आणि एक दोरी बांधली की बास तयार. गाणी सगळी विलायती, क्लिफ रिचर्ड, फॅट्स डोमिनो, लिटल रिचर्ड यांची. श्रोते म्हणजे शाळेच्या समारंभाला जमलेली मुलं आणि शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या मुली.

ही गाणी डोंगरावर पोचायची कशी? मुख्यतः रेडिओ सिलोनवरून. इथे एक मराठी धागा आहे. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर यांना चित्रपट-संगीत थिल्लर वाटे, आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ गायब झाली. देशाने सरळ काटा फिरवून सिलोन लावलं. त्याच डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. तिची आठवण आपल्याकडच्या आजी-आजोबांना काढू द्या, तासभर थांबणार नाहीत. त्याच सिलोनवर इंग्रजी गाण्यांचेही कार्यक्रम असत. फारोख एकदा ऐकलेलं गाणं थेट पियानोवर वाजवायचा, असं त्याचे शाळासोबती सांगत आले आहेत.

हेक्टिक्सची तबकडी निघाली नाही. उरलं आहे ते एक-दोन छायाचित्रं. त्या गटातल्या मुलांचं पुढे काय झालं ते मात्र वाचण्यासारखं आहे. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल झाले आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख होते. फरंग इराणी यांनी पुण्यात सिझलरचं रेस्तराँ चालवलं. डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाले आणि तिथल्या एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी हॉस्पिटलातल्या ज्या पुरुष नर्सची भूमिका केली त्याचं नाव होतं गुप्ते! लेखकाला हे आडनाव कुठून सुचलं कोण जाणे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला फारोख झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली, रक्तपात झाला आणि अनेक अरब व भारतीय कुटुंबांनी बेट सोडलं. बुलसारांनीही. ते लंडनजवळच्या फेल्टम गावी गेले. सतरा वर्षांच्या मुलाने पुन्हा नव्याने सुरुवात केली, १९६६ मध्ये ईलिंगच्या आर्ट कॉलेजात प्रवेश घेतला, आणि तिथे त्याला टिम स्टॅफेल भेटला. स्टॅफेलमुळे स्माइल भेटलं.

स्माइलची तबकडी पडली त्याच सुमारास फारोख लिव्हरपूलच्या एका गटात गाऊ लागला होता आणि रॉजर टेलरबरोबर केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकायचा गाळा चालवत होता. स्टॅफेल गेला तसा तो रिकाम्या जागेवर उभा राहिला. २७ जून १९७० ला कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावात, रेड क्रॉसच्या मदतीसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात, हा नवा गट पहिल्यांदा लोकांसमोर आला. कार्यक्रम आधीच ठरलेला असल्यामुळे जाहिरातीत नाव होतं 'स्माइल'. म्हणजे क्वीनचा पहिला कार्यक्रम स्माइलच्या नावावर झाला. 'क्वीन' हे नाव फारोखने सुचवलं. १९७१ मध्ये जॉन डीकन हा बासवादक आला आणि गट पुरा झाला.

याच काळात त्याने स्वतःचं आडनावही बदललं आणि बुलसाराचा मर्क्युरी झाला. मर्क्युरी म्हणजे बुध ग्रह, आणि जिने स्माइलची तबकडी बुडवली त्या कंपनीचंही नाव तेच. या योगायोगावर आम्ही काही इमला बांधत नाही. नाव बदलण्याबद्दल मात्र आपल्या वाचकांना थोडी सहानुभूती असेल. इकडच्या शाळेत तेलुगू पद्धतीप्रमाणे आडनाव आधी येतं, तेही एका अक्षरात आकसून, आणि सीमेपलीकडच्या कॉलेजात तेच नाव उलटं लिहून द्यावं लागतं. एका माणसाची दोन नावं होणं म्हणजे काय, हे आपल्याला कागदोपत्री तरी ठाऊक आहे.

फ्रेडीच्या आवाजाची बाजारात आलेली पहिली तबकडी तर तिसऱ्याच नावाने आली. क्वीनची पहिली मोठी तबकडी त्याच ट्रायडंट स्टुडिओत तयार होत होती. पैसे देणारं गिऱ्हाईक नसेल तेव्हा, बहुतेक रात्रीच्या वेळी, स्टुडिओ त्यांना मिळायचा. तिथल्या रॉबिन केबल या ध्वनिमुद्रकाला साठच्या दशकातली दोन गाणी जुन्या भरगच्च थाटात पुन्हा करून बघायची होती. त्याने फ्रेडीला गायला सांगितलं, मे आणि टेलरलाही घेतलं. 'आय कॅन हिअर म्युझिक' आणि मागे 'गोइंग बॅक'. १९७३ च्या जूनअखेरीस ईएमआयने ही सिंगल काढली, गायकाचं नाव 'लॅरी ल्युरेक्स'. ल्युरेक्स म्हणजे कपड्यात विणतात तो चमचमता धागा. त्या वेळी गाजत असलेल्या एका चमकदार कपड्यांच्या गायकाची ती थट्टा होती. तीही तबकडी कुणी घेतली नाही. आठवडाभरानंतर, ६ जुलैला, क्वीनची स्वतःच्या नावाची पहिली सिंगल निघाली. ब्रिटनच्या क्रमवारीत तीही दिसली नाही. १९६९ ते १९७३ मध्ये तीन वेगवेगळ्या नावांनी पहिली तबकडी काढून ही मंडळी तीनदा आपटली होती. यश आलं ते १९७४ मध्ये, 'सेव्हन सीज ऑफ राय' दहाव्या क्रमांकावर गेलं तेव्हा. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने तर नऊ आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही.

हेक्टिक्स आणि स्माइल या दोन गटांत आम्हाला एकच मोठा फरक दिसतो. दोघांनाही त्यांच्या काळात कुणी विचारलं नाही, पण एकाचं मुद्रण झालं होतं. म्हणून १९८२ मध्ये, क्वीन जगभर गाजत असताना, जपानमध्ये स्माइलची सहा गाणी एका तबकडीवर काढता आली आणि ज्यांनी 'अर्थ'चं नुसतं नाव ऐकलं होतं त्यांना ते ऐकायला मिळालं. मूळ १९६९ ची तबकडी तर आता जमवणाऱ्यांमध्ये मोठ्या किमतीला जाते. पाचगणीच्या पाच पोरांनी काय वाजवलं ते मात्र कायमचं गेलं, आपल्या पोळ्याच्या जुन्या झडत्या म्हणणाऱ्यांचे आवाज गेले तसंच. ज्या घरांत अशा आवाजांच्या कॅसेट अजून असतील त्यांनी त्या कपाटातून काढून एकदा वाजवून बघाव्यात. फीत चिकटली असेल तर जोर लावून फिरवू नये, जाणकाराला दाखवावी.

ब्रायन मे यांनी १९७४ मध्ये अर्धवट सोडलेली पीएचडी २००७ मध्ये इम्पीरियल कॉलेजातूनच पुरी केली, ग्रहमालेतल्या धुळीवर. टिम स्टॅफेल पुढे मॉडेल बनवण्याच्या व्यवसायात गेले. आपली लहान मुलं बघतात त्या थॉमस या निळ्या इंजिनाच्या मालिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या मॉडेलच्या कामात त्यांचा हात आहे. फ्रेडी १९९१ च्या नोव्हेंबरात एड्सने गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्याच्यावरचा चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा त्यात स्माइलचा प्रसंग होता, आणि त्यासाठी मे, टेलर आणि स्टॅफेल या तिघांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी एकत्र येऊन 'डुइंग ऑल राइट' पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. जून १९६९ च्या त्या तीन गाण्यांतलं, सिंगलवर न आलेलं तिसरं गाणं ते हेच.

ऐकायचं असेल तर मुलांना फोनवर शोधायला सांगा, मिळतं. आधी स्माइलचं 'अर्थ' लावा. मग स्माइलचंच 'डुइंग ऑल राइट', आणि लगेच क्वीनच्या १९७३ च्या पहिल्या मोठ्या तबकडीवरचं तेच गाणं. गिटार तीच आहे, ड्रम्स तेच आहेत. गळा मात्र पाचगणीच्या मुलाचा आहे.